ब्रिटनमधली पोटनिवडणूक: बातमी द्यायची कशी, आणि दिली जाते कशी

पेनाईनकर

चालू घडामोडींच्या धाग्यावर इंग्लंडमधल्या रनकॉर्नच्या पोटनिवडणुकीचा विषय निघाला होता. मे २०२५ मध्ये रिफॉर्म यूके पक्षाच्या सारा पोचिन तिथे सहा मतांनी निवडून आल्या: १२,६४५ विरुद्ध १२,६३९. तिथे दोघा-तिघांनी विचारलं की निकाल सहा मतांवर येऊन ठेपतो, मग टीव्हीवाले रात्रभर "अमक्याचं पारडं जड" म्हणतात ते कशाच्या जोरावर? उत्तर लिहायला घेतलं आणि लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा.

मी ग्रेटर मँचेस्टरच्या बाजूला राहतो. इथल्या एका लहान सामुदायिक रेडिओवर आठवड्यातून एकदा बातम्या वाचतो, बऱ्याचदा लिहितोही. पगार नाही, चहा मिळतो. पण परवाना ऑफकॉमचा (प्रसारणाची नियामक संस्था), त्यामुळे निवडणूक आली की आयटीव्ही आणि स्कायला जे नियम तेच आम्हाला. म्हणजे हे सगळं मी पुस्तकी लिहीत नाहीये, चुकलो तर तक्रार माझ्याच स्टेशनवर येते.

सुरुवात रॉचडेलपासून करतो. सूतगिरण्यांचं जुनं गाव. १८४४ च्या रॉचडेल पायोनियर्स या सहकारी संस्थेमुळे आपल्याकडच्या सहकारवाल्यांना नाव ऐकून माहीत असतं. ब्रिटिश टीव्हीने निवडणुकीचा प्रचार दाखवायला सुरुवात केली तीही याच गावातल्या पोटनिवडणुकीत, फेब्रुवारी १९५८ मध्ये. त्याआधी बीबीसी प्रचाराच्या बातम्यांना हातच लावत नसे. एक तर उमेदवाराला पडद्यावर दाखवलं तर तो त्याचा निवडणूक खर्च धरला जाईल का, ही भीती. शिवाय संसदेत पुढच्या चौदा दिवसांत ज्यावर चर्चा होणार आहे तो विषय प्रसारणात काढायचाच नाही असा एक अजब नियम १९५७ पर्यंत होता! ग्रॅनडा टेलिव्हिजनचं प्रसारण सुरू होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. त्यांनी तिन्ही उमेदवारांना पडद्यावर आणलं, निकालही दाखवला. त्यातला लिबरल उमेदवार लडोव्हिक केनेडी हा आयटीएनवर (आयटीव्हीची वृत्तसेवा) बातम्या सांगणारा ओळखीचा चेहरा. जिंकला मजूर पक्षाचा जॅक मॅकॅन, केनेडी दुसरा, आणि ज्यांच्याकडे जागा होती ते हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) तिसरे. मतदान ८० टक्क्यांवर. आकाश कोसळलं नाही, आणि पुढच्या वर्षीच्या सार्वत्रिक निवडणुकीत सगळेच प्रचार दाखवू लागले.

आता त्याच गावातली २९ फेब्रुवारी २०२४ ची पोटनिवडणूक बघा. खासदार टोनी लॉईड वारले म्हणून ती लागली. मजूर पक्षाचे उमेदवार अझहर अली. अर्ज भरण्याची मुदत संपली, आणि मग त्यांच्या एका खाजगी बैठकीतलं हमासच्या ७ ऑक्टोबरच्या इस्रायलवरील हल्ल्याबद्दलचं बोलणं एका रविवारच्या वृत्तपत्राने छापलं. पक्षाने पाठिंबा काढून घेतला. पण मुदत गेलेली, त्यामुळे मतपत्रिकेवर त्यांच्या नावापुढे 'लेबर पार्टी' तसंच राहिलं. आता बातमीत त्यांना काय म्हणायचं? "मजूर पक्षाचे" म्हटलं तर अर्धं खोटं. "अपक्ष" म्हटलं तर मतदार केंद्रावर जाऊन वेगळंच वाचणार. आम्ही दोन्ही सांगायचो: मतपत्रिकेवर मजूर पक्ष, पक्षाने पाठिंबा काढलेला. वाक्य लांब आणि वाचायला कंटाळवाणं, पण दुसरा मार्ग दिसला नाही. ग्रीन पक्षाच्या उमेदवाराच्या बाबतीतही त्याच वेळी असाच प्रकार झाला होता, म्हणजे तीच कसरत दोनदा.

वर्कर्स पार्टीचे जॉर्ज गॅलोवे १२,३३५ मतं घेऊन निवडून आले. जिंकल्यावर मजूर पक्षाच्या नेत्याला उद्देशून त्यांचं वाक्य होतं "किअर स्टार्मर, हे गाझासाठी". झालं! दुसऱ्या दिवशी लंडनहून आलेल्या बहुतेक बातम्यांचा मथळा गाझा. पंतप्रधान सुनक यांनी तर १०, डाउनिंग स्ट्रीटच्या दारात उभं राहून या निकालावर चिंता व्यक्त केली. पण दुसऱ्या क्रमांकावर कोण होतं? डेव्हिड टली, एक स्थानिक अपक्ष व्यावसायिक. ६,६३८ मतं. त्यांचे मुद्दे: गावचा फुटबॉल क्लब वाचवा, गावातला प्रसूतिविभाग परत सुरू करा. हुजूर, मजूर आणि लिबरल डेमोक्रॅट या तिघांच्या मतांची बेरीज ८,२९७ होते, आणि हा एकटा माणूस ६,६३८! "गाझाने रॉचडेल जिंकलं" म्हणणाऱ्या बातमीत हे मतदार कुठेच नव्हते.

माझं म्हणणं एवढंच आहे की पोटनिवडणुकीची बातमी बिघडते ती सहसा नियम मोडून नाही. मिनिटं मोजून समान दिलेली असतात, सगळी नावं वाचलेली असतात, आणि तरी बातमी खोटी पडते, कारण एका मतदारसंघाच्या निकालातून अख्ख्या देशाचं भविष्य सांगायची घाई झालेली असते.

लिहा तुम्हीही. विशेषतः इथले जे ब्रिटनमध्ये राहतात त्यांनी.

---

कट्ट्यावरचा_पाटील

वाचतोय. एक शंका. "सगळी नावं वाचलेली असतात" म्हणजे नक्की काय? पंधरा-पंधरा उमेदवार असतात म्हणे, त्यात डोक्यावर कचऱ्याचा डबा घालून फिरणाराही एक असतो. त्यालाही पंतप्रधानांच्या पक्षाएवढा वेळ द्यायचा? आपल्याकडे तर मोठ्या पक्षाचा नसेल तर फोटोसुद्धा छापत नाहीत. आणि छापला तर कोणी पैसे दिले तेही बघावं लागतं, २००९ च्या विधानसभेला 'पेड न्यूज'वरून किती गदारोळ झाला होता आठवत असेल.

---

पेनाईनकर

पाटील, डबेवाले काउंट बिनफेस. लंडनमधल्या अक्सब्रिजच्या २०२३ च्या पोटनिवडणुकीत १७ उमेदवारांत तेही होते. ५०० पौंड अनामत आणि त्याच मतदारसंघातल्या दहा मतदारांच्या सह्या, एवढ्यावर कोणीही उभं राहू शकतं. पाच टक्के मतं मिळाली नाहीत की पैसे गेले.

वेळ समान द्यायचा नसतो. ऑफकॉमच्या संहितेचा सहावा विभाग निवडणुकीचा आहे, त्यात 'योग्य वजन' द्या असं म्हटलंय. ते ठरवायचं मागच्या निवडणुकांतल्या मतांवरून आणि सध्याच्या पाठिंब्याच्या पुराव्यावरून. म्हणजे मागच्या वेळी शून्य असलेला पक्ष आज जोरात असेल तर त्यालाही जागा द्यावी लागते. हा निर्णय संपादकाचा, आणि नंतर कोणी तक्रार केली तर तो का घेतला ते कागदावर दाखवता आलं पाहिजे. आमच्याकडे त्यासाठी एक साधी वही आहे: तारीख, कोण बोललं, किती वेळ, कोणाला बोलावलं, कोण आलं नाही.

नावांचं मात्र पक्कं आहे. अर्ज भरायची मुदत संपली की त्या मतदारसंघावरच्या प्रत्येक वृत्तांतात सर्व उमेदवारांची यादी द्यावीच लागते: नाव, आडनाव, पक्ष, अपक्ष असेल तर अपक्ष. टीव्हीवाले पडद्यावर यादी दाखवून मोकळे होतात. रेडिओवर सतरा नावं वाचायची म्हणजे दम लागतो. दिवसात तोच वृत्तांत पुन्हा लावला तर यादी एकदाच वाचली तरी चालते, बाकीच्या वेळी संकेतस्थळाकडे बोट दाखवायचं.

वगळला जाणारा उमेदवार मोठ्या पक्षाचा नसतो, बहुतेकदा कोणाचाच नसतो, म्हणून मला हा नियम आवडतो. टलीसारख्या माणसाचं नाव लोकांच्या कानावर पडायची ती एक हमी आहे.

---

मीनल_रेडिंग

एक उमेदवार आलाच नाही तर? आमच्या भागात एका सभेला एक मुख्य उमेदवार फिरकलाच नाही आणि आयोजक म्हणाले की आता कार्यक्रम "एकतर्फी" होईल.

---

रोहिणी_वकील

मीनल, सभेचं वेगळं, पण प्रसारणापुरतं सांगते. पूर्वी खरंच अशी अडचण होती. १९६९ च्या कायद्यापासून मतदारसंघावरच्या कार्यक्रमाला भाग घेणाऱ्या उमेदवाराची संमती लागायची, आणि व्यवहारात त्याचा अर्थ असा झाला की जो पुढे आहे त्याने यायला नकार दिला की सगळा कार्यक्रमच गुंडाळला जायचा. म्हणजे गप्प बसून प्रतिस्पर्ध्याचं तोंड बंद करायची सोय. २००० च्या कायद्याने ती काढली. आता प्रमुख उमेदवारांना बोलावलं पाहिजे, आणि बोलावूनही कोणी आलं नाही तर त्याच्याशिवाय कार्यक्रम करता येतो. बोलावल्याचा पुरावा मात्र ठेवा. पेनाईनकरांची वही त्यासाठीच.

आणखी एक. प्रसारकांना निःपक्षपात बंधनकारक आहे, वृत्तपत्रांना नाही. छापील वृत्तपत्र उघडपणे एका पक्षाची बाजू घेऊ शकतं. संपादकांच्या संहितेचं पहिलं कलम अचूकतेचं आहे: मत, अटकळ आणि वस्तुस्थिती वेगवेगळी ठेवा. आपल्याकडचे लोक बीबीसीची बातमी आणि टॅब्लॉइडचा मथळा एकाच टोपलीत घालतात आणि म्हणतात "ब्रिटिश माध्यमं अशी". नियमच दोन आहेत.

---

खडूस_आजोबा

नियम-बियम ठीक. मी १९७८ ते ८९ लंडनला होतो. बरमंडसीची १९८३ ची पोटनिवडणूक डोळ्यांनी पाहिली आहे. मजूर पक्षाचा पीटर टॅचेल. त्या पोरामागे टॅब्लॉइडवाले महिनोन्‌महिने लागले होते. तो समलिंगी आहे का, कसे कपडे घालतो, कुठे सुट्टीला गेला. राहायच्या घरांचं काय, गोदी बंद पडल्यावर कामाचं काय, हे त्याचे मुद्दे कोणी छापले? लिबरल पक्षाच्या पत्रकावर सरळ सूचक मजकूर होता. सायमन ह्यूज जिंकले, ४४ टक्क्यांचा स्विंग (मतांच्या टक्केवारीचं एका पक्षाकडून दुसऱ्याकडे सरकणं), आजतागायत तो विक्रम आहे. त्याच ह्यूज यांनी २००६ मध्ये स्वतःचेही पुरुषांशी संबंध होते हे मान्य केलं आणि त्या प्रचाराबद्दल माफी मागितली. तेवीस वर्षांनी! काय करायचंय त्या माफीचं?

तेव्हा टीव्हीवरच्या बातम्या बऱ्यापैकी सरळ होत्या हो. पण टीव्हीसुद्धा "आज वृत्तपत्रांत काय आलं" हे दाखवायचाच. म्हणजे स्वतः चिखल फेकायचा नाही, पण चिखल फेकलेला दाखवायचा.

---

पेनाईनकर

आजोबा, शेवटचं वाक्य अगदी खरं. आम्हाला आजही हेच सर्वांत कठीण जातं. एखादा आरोप कुठेतरी छापून आला, तो खरा की खोटा आम्हाला माहीत नाही. "असा आरोप झाला आहे" हे वाक्य तांत्रिकदृष्ट्या अचूक असतं आणि तरी ते घाण पुढे ढकलतं. मी स्वतः एक प्रश्न विचारतो: हा आरोप खरा असता तर मतदाराने त्यावरून मत बदलणं रास्त आहे का? टॅचेल यांच्या बाबतीत उत्तर नाही असं येतं. अझहर अलींच्या बाबतीत होय येतं, ते त्यांचं राजकीय वक्तव्य होतं.

---

रोहिणी_वकील

आरोपांवरून: लोकप्रतिनिधित्व कायदा १९८३, कलम १०६. उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल किंवा वर्तनाबद्दल खोटं विधान, निकालावर परिणाम व्हावा म्हणून केलं किंवा छापलं, तर तो गुन्हा. राजकीय टीका यात येत नाही. हे कलम कागदावरच राहतं असं सगळे म्हणायचे, आणि मग फिल वूलस यांचं प्रकरण आलं. २०१० च्या सार्वत्रिक निवडणुकीत ओल्डहॅम ईस्ट अँड सॅडलवर्थमधून ते १०३ मतांनी जिंकले. त्यांच्या पत्रकांतून लिबरल डेमोक्रॅट प्रतिस्पर्ध्यावर अतिरेक्यांना चुचकारल्याचे आरोप होते. निवडणूक न्यायालयाने ते खोटे ठरवले, निवड रद्द, तीन वर्षं उभं राहायला बंदी. जानेवारी २०११ मध्ये तिथे पोटनिवडणूक झाली आणि मजूर पक्षाच्याच डेबी अब्राहम्स जिंकल्या.

लक्षात घ्या, कलमात "कोणतीही व्यक्ती" आहे. फक्त उमेदवार आणि संपादक नाहीत. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर पुढे ढकलणारे काकाही त्यात बसू शकतात.

---

गणिती

मला आकड्यांबद्दल लिहायचंय, कारण तिथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो आणि तो मुद्दाम कोणी करत नाही.

मिड बेडफर्डशर, ऑक्टोबर २०२३. नदीन डॉरिस यांनी सोडलेली जागा. हुजूर पक्षाचं २४,६६४ चं मताधिक्य पुसून मजूर पक्ष १,१९२ मतांनी जिंकला. मथळे: "मजूर पक्षाची लाट". आता मतं बघा.

२०१९: हुजूर ३८,६९२, मजूर १४,०२८.
२०२३: हुजूर १२,६८०, मजूर १३,८७२.

मजूर पक्षाची मतं १५६ ने कमी झाली. हरताना जेवढी होती त्याहून कमी मतांत ते जिंकले! सव्वीस हजार हुजूर मतं गेली, पण त्यातली बरीच घरी बसली असणार, काही दुसऱ्या पक्षांकडे गेली असणार. त्याच दिवशी टॅमवर्थ: मजूर १०,९०८ वरून ११,७१९, आणि हुजूर ३०,५४२ वरून १०,४०३. इथेही तीच कथा, मतदान ३६ टक्के.

म्हणजे निकाल खोटा होता का? मुळीच नाही. आपला मतदार घरी बसणं हा पराभवच असतो. पण "वीस हजार लोक इकडून तिकडे गेले" असं लिहिणं चूक आहे. कोण कुठे गेलं हे बेरजा-वजाबाक्यांतून कळत नाही.

स्विंगचंही तसंच. दोन पक्षांच्या टक्केवारीतल्या बदलांची सरासरी म्हणजे स्विंग. अक्सब्रिजमध्ये हुजूर ७.४ ने उतरले, मजूर ६.० ने चढले, म्हणून स्विंग ६.७. ठीक. रनकॉर्नमध्ये मजूर ते रिफॉर्म १७.४ निघतो, पण त्याचा अर्थ मजूर पक्षाच्या शंभरातल्या सतरा जणांनी रिफॉर्मला मत दिलं असा नाही. मतदान अर्ध्यावर आलेलं असताना मतदार तेच नसतात. बातमीत स्विंग द्या, पण शेजारी प्रत्यक्ष मतं आणि मतदानाची टक्केवारी द्या. तीन आकडे एकत्र दिले की वाचक स्वतः समजून घेतो.

रॉचडेलमध्ये गंमत म्हणजे गॅलोवे यांची मतांची टक्केवारी ३९.७ आणि मतदानही ३९.७. म्हणजे यादीतल्या शंभर मतदारांपैकी साधारण सोळांनी त्यांना मत दिलं. १९५८ चे ८० टक्के कुठे आणि हे कुठे.

---

कट्ट्यावरचा_पाटील

गणिती, १५६ मतं घालवून जिंकणं हे भारीच. आमच्या ग्रामपंचायतीला सांगायला हवं.

---

अनुस्वार

धागा उत्तम. मतदानपूर्व चाचण्यांचं काय? पोटनिवडणुकीत त्या करतात का?

---

गणिती

करतात, पण कमी. एका मतदारसंघात पुरेसे लोक फोनवर किंवा जालावर मिळवणं महाग आणि अवघड. हेवूड अँड मिडलटन, ऑक्टोबर २०१४ चं उदाहरण घ्या, रॉचडेलच्या अगदी शेजारचंच. तिथल्या एका चाचणीत मजूर पक्ष युकिपच्या (युरोपीय संघातून बाहेर पडा म्हणणारा पक्ष) १९ टक्के पुढे होता. प्रत्यक्षात मजूर पक्ष जिंकला फक्त ६१७ मतांनी. त्याच दिवशी क्लॅक्टनमध्ये युकिपचा पहिला खासदार निवडून येणार म्हणून सगळे कॅमेरे तिकडे. खरी चुरस होती तिथे फारसं कोणी नव्हतंच.

चाचणी द्यायची तर कोणी केली, पैसे कोणी दिले, किती लोक, कोणत्या तारखांना, एवढं तरी सांगायलाच हवं. एखाद्या मोहीम चालवणाऱ्या गटाने करवून घेतलेली चाचणी असेल तर जास्तच.

---

लंडनची_मावशी

माझा मुद्दा जरा टोचणारा आहे. बॅटली अँड स्पेन, जुलै २०२१. मजूर पक्षाने तिथे एक पत्रक वाटलं, त्यावर बोरिस जॉन्सन आणि नरेंद्र मोदी हस्तांदोलन करतानाचा फोटो, आणि खाली हुजूर खासदार "तुमच्या बाजूचा" नसेल असा मजकूर. पुष्कळ भारतीय चिडले, पक्षातल्याच भारतीय गटाने निषेध केला. किम लेडबीटर ३२३ मतांनी जिंकल्या. गॅलोवे तिथेही उभे होते, आठ हजारांवर मतं घेऊन तिसरे.

भारतातल्या काही वाहिन्यांवर मी ते बघितलं तेव्हा चर्चेत हिंदू मतं, मुस्लिम मतं, पाकिस्तान, काश्मीर. बॅटली कुठे आहे हे नकाशावर दाखवायचे कष्टही नाहीत. खासदार जो कॉक्स यांचा २०१६ मध्ये खून झाला तो मतदारसंघ हाच, आणि किम ही त्यांची बहीण, हे शेवटी एका ओळीत.

इथली माध्यमंही फार वेगळी नाहीत. "मुस्लिम मतदार नाराज" लिहायचं आणि पुरावा म्हणून मशिदीबाहेर दोघांना विचारलेलं. रॉचडेलमध्ये मुस्लिम लोकसंख्या साधारण ३० टक्के. उरलेले ७० टक्के काय झोपले होते?

---

खडूस_आजोबा

मावशी, पण समाजांची मतं एकगठ्ठा पडतातच की. आपल्याकडे पडतात, तिथे का पडणार नाहीत? न सांगणं म्हणजे उगाच सोवळेपणा.

---

लंडनची_मावशी

आजोबा, सांगू नका असं कुठे म्हटलं? पुरावा द्या म्हणते. इथे मतदानकेंद्रनिहाय निकाल मिळतच नाहीत. सगळ्या पेट्यांची मतपत्रं मिसळून मोजतात. आपल्याकडे बूथवार आकडे बघून "अमक्या वस्तीने तमक्याला दिलं" म्हणता येतं, इथे अधिकृतपणे ते कळायला मार्ग नाही. मग "मुस्लिमांनी गॅलोवे यांना निवडलं" हे वाक्य कशावरून?

---

पेनाईनकर

मावशींनी कळीचा मुद्दा काढला, आणि त्यातच मूळ प्रश्नाचं उत्तर आहे: रात्री टीव्हीवाले बोलतात ते कशाच्या जोरावर.

पोटनिवडणुकीला सहसा एक्झिट पोल नसतो. मतदान सकाळी सात ते रात्री दहा. केंद्रं उघडली की प्रसारणात मुद्द्यांची चर्चा बंद. आपल्यासारखे ४८ तास नाहीत, फक्त मतदानाचा दिवस, आणि तेही प्रसारणापुरतं. पक्षांचे कार्यकर्ते त्या दिवशीही दारोदार फिरत असतातच. दहा वाजेपर्यंत "मत देऊन आलेल्यांनी असं असं सांगितलं" यावर आधारलेलं काहीही प्रसिद्ध करणं हा गुन्हा, त्याच १९८३ च्या कायद्याचं कलम ६६अ, कोणालाही लागू. टपाली मतं आधी उघडतात, तिथे पक्षांचे प्रतिनिधी हजर असतात, पण दिसलेलं बाहेर सांगणं गुन्हा. "टपाली मतांत आम्ही पुढे आहोत" असं दुपारी कोणी कानात सांगितलं तर ते ऐकून तिथेच सोडायचं.

दहानंतर पेट्या उघडतात आणि आधी फक्त किती मतपत्रं आहेत ते मोजतात. तेव्हा मतपत्रांची मत दिलेली बाजू वर असते, आणि कठड्यापलीकडे पक्षांचे लोक वहीत रेघा ओढत असतात: या पेटीतल्या पन्नासात आपले किती. हा त्यांचा नमुना. केंद्रवार अंदाज असतो तो एवढाच, आणि तो त्यांच्या खिशात. मग ते वार्ताहरांपाशी येतात. जो हरतोय तो म्हणतो "चुरशीची आहे". जो आरामात जिंकतोय तोही म्हणतो "चुरशीची आहे", म्हणजे सकाळी विजय मोठा दिसावा. पडद्यावर ऐकू येतं ते "आम्हाला असं समजतंय की…". समजतंय ते कोणाकडून, हे सांगितलं तर अर्धी हवा जाते. "मजूर पक्षाच्या गोटातून सांगितलं जातंय" एवढं जरी म्हटलं तरी श्रोता सावध होतो.

पीटरबरो, जून २०१९. मतदारांनी खासदाराला परत बोलावून घेतलेली ब्रिटनमधली पहिली पोटनिवडणूक. सट्टेबाज, स्तंभलेखक, सगळे ब्रेक्झिट पार्टीचा पहिला खासदार येणार म्हणून बसले होते. मजूर पक्ष ६८३ मतांनी जिंकला.

आणि निकालानंतरचं सगळ्यात बोलकं उदाहरण माझ्या मते अक्सब्रिज. २० जुलै २०२३ ला तीन ठिकाणी मतदान होतं. सेल्बी अँड ऐन्स्टीत मजूर पक्षाने २०,१३७ चं मताधिक्य उलटवलं. सॉमर्टन अँड फ्रूम लिबरल डेमोक्रॅटांनी अकरा हजारांनी घेतलं. बोरिस जॉन्सन यांच्या अक्सब्रिजमध्ये मात्र हुजूर ४९५ मतांनी टिकले. विजयी उमेदवार स्टीव्ह टकवेल यांनी व्यासपीठावरूनच सांगितलं की मजूर पक्ष हरला तो लंडनच्या महापौरांच्या युलेझमुळे, म्हणजे जुन्या प्रदूषक गाड्यांवरच्या रोजच्या शुल्कामुळे. जिंकणाऱ्याने दिलेलं कारण दुसऱ्या दिवशी सगळ्यांचं कारण झालं. नंतरचे कित्येक आठवडे देशाचं हवामान धोरण त्या ४९५ मतांवर तोललं जात होतं.

युलेझचा राग खराच होता, दारोदार ऐकू येत होता असं तिथे काम करणारे सांगतात. पण त्याच निकालात स्विंग मजूर पक्षाच्या बाजूने ६.७ टक्के होता, हे किती जणांनी वाचलं? वर्षभरात सार्वत्रिक निवडणूक झाली, तिथे युलेझ लागू होऊन दहा महिने झालेले, आणि मजूर पक्षाच्या ज्या डॅनी बील्सना हरवलं होतं तेच तिथे निवडून आले.

---

अनुस्वार

पण मग बातमीत कारण द्यायचंच नाही का? वाचकाला "का" हवंच असतं. नुसते आकडे दिले तर कोण वाचणार?

---

पेनाईनकर

द्यायचं, पण कोणाचं कारण आहे ते सांगून. "टकवेल यांच्या मते युलेझमुळे" हे बातमीत बसतं. "युलेझमुळे" एवढंच लिहिलं की ते माझं म्हणणं होतं, आणि माझ्याकडे त्याचा पुरावा नसतो. शिवाय निवडणुकीआधी तिथे जाऊन चार दिवस हिंडलं तर 'का' थोडं तरी कळतं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी चौकात माइक धरला तर लोक आदल्या रात्री टीव्हीवर ऐकलेलंच परत सांगतात.

---

मीनल_रेडिंग

रनकॉर्नच्या सहा मतांवरून दादाभाई नौरोजी आठवले. १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरीतून पाच मतांनी. पोटनिवडणूक नव्हती ती, पण आपला मुंबईचा माणूस म्हणून लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

आणि एक व्यावहारिक प्रश्न. माझ्या भावाकडे भारतीय पासपोर्ट आहे, इथे नोकरीच्या व्हिसावर आहे. त्याला सगळे सांगतात की तुला मत नाही. खरं काय?

---

रोहिणी_वकील

मत आहे. राष्ट्रकुल देशाचा नागरिक, वय १८ पूर्ण, इथे राहण्याची वैध परवानगी आणि मतदारयादीत नाव, एवढं असलं की संसदेच्या निवडणुकीतही मत देता येतं, पोटनिवडणुकीतही. मतदानाच्या बारा कामकाजाच्या दिवसांआधी नाव नोंदवलेलं हवं. केंद्रावर फोटो ओळखपत्र लागतं, त्यासाठी भारतीय पासपोर्ट चालतो.

---

पेनाईनकर

हे मी दर पोटनिवडणुकीला रेडिओवर वाचतो, उमेदवारांच्या यादीच्या लगेच नंतर, आणि दर वेळी कोणी ना कोणी फोन करून विचारतंच की नक्की ना? मीनल, भावाला सांगा, नाव नोंदवायला निवडणूक लागायची वाट बघू नका. लागली की हातात फार दिवस नसतात.